रांगोळीआधीचं सारवण

वाचकहो, तुमच्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी चाचणीची पांढरी पट्टी हातात धरून रेघेची वाट पाहिली असेल. कुणी गोड बातमीसाठी, कुणी कोरोनाच्या धास्तीनं, कुणी डासांच्या दिवसांत डेंग्यूच्या शंकेनं. एक रेघ की दोन? ती दहा-पंधरा मिनिटं किती लांब वाटतात, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मी गेली २२ वर्षं बंगळुरूत राहते आणि त्या रेघेच्या आधीचं काम करते. रोगाची खूण पकडणाऱ्या अँटीबॉडी ज्या पृष्ठभागावर बसवायच्या असतात, तो पृष्ठभाग तयार करायचा. कधी काच, कधी सोन्याचा पातळ थर, कधी सिलिकॉनची चकती. कुणी विचारलं, "तुम्ही नक्की काय करता हो?" तर मी सांगते, "काचा धुते." लोक हसतात. माझ्या सासूबाई पाहुण्यांना कौतुकानं सांगायच्या, "आमची सून एम.एस्सी. झालीय, आणि बंगळुरूला जाऊन काचा धुते!"

चेष्टा सोडा, पण खरंच सांगते, या कामातला अर्धा भाग धुण्याचाच आहे. आणि हे काम कसं चालतं ते तुम्हाला ठाऊक असेल, तर पुढच्या वेळी एखादा रिपोर्ट हातात आल्यावर तुम्ही तो जरा जास्त समजून वाचाल. म्हणून हा लेखाचा खटाटोप.

ओळखणारे हात

आधी अँटीबॉडीबद्दल. आपल्या शरीरात एखादा परका जंतू शिरला की त्याला ओळखून धरणारी प्रथिनं तयार होतात. त्यांना मराठीत प्रतिपिंडं म्हणतात. आकार इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा, म्हणजे दोन्ही हात वर करून उभा असलेला माणूसच म्हणा ना. त्या दोन हातांच्या टोकांशी ओळखायची जागा असते. एका प्रकारची अँटीबॉडी आपली ठरलेली एकच गोष्ट धरते, बाकीच्यांकडे ढुंकून बघत नाही. लग्नाच्या हॉलमधल्या हजार माणसांत आई आपल्या लेकराला पाठीवरूनही ओळखते, तसं काहीसं.

ही ओळखण्याची ताकद चाचणीसाठी वापरायची, ही कल्पना १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्सुलिन मोजताना प्रत्यक्षात आणली. त्यासाठी यॅलोबाईंना १९७७ साली नोबेल मिळालं. १९७१ मध्ये स्वीडनमधल्या एंगवॉल आणि पर्लमन यांनी एलायझा ही पद्धत मांडली. तुमच्या रिपोर्टवर 'एलायझा' असा शब्द वाचला असेल, तो हाच. आणि १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीच्या अँटीबॉडी हव्या तेवढ्या तयार करायची युक्ती शोधली. त्यामुळे आज आम्हाला बाटलीत भरलेल्या, एकसारख्या अँटीबॉडी विकत मिळतात.

आता अडचण कुठे आहे? अँटीबॉडी बाटलीत पाण्यात तरंगत असतात. तिथे त्यांनी काही पकडलं तरी आपल्याला कळणार कसं? त्यांना एका जागी, ओळीनं बसवावं लागतं. मग रक्ताचा किंवा लघवीचा नमुना त्यावरून गेला की हवी ती गोष्ट तिथेच अडकते आणि त्या जागेवर रंग, प्रकाश किंवा विजेतला बदल मोजता येतो. असा मोजणारा जो भाग, तो बायोसेन्सर.

घरी वापरायच्या पट्टीत हे काम तुलनेनं सोपं असतं. त्यातला पांढरा कागदासारखा पडदा नायट्रोसेल्युलोजचा असतो आणि प्रथिनं त्याला आपोआप चिकटतात. लालसर रेघ दिसते ती बहुतेक वेळा सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांची. हो, सोन्याचीच! पण जिथे फार कमी प्रमाणातली गोष्ट अचूक मोजायची असते, जिथे काचेवर किंवा सोन्यावर सेन्सर बनवायचा असतो, तिथे नुसतं आपोआप चिकटणं पुरत नाही. धुतलं की निघून जातं. तिथे रासायनिक गाठ मारावी लागते. माझं काम त्या गाठीचं.

गुळगुळीत काचेला पकड कशी येते?

रांगोळी काढायच्या आधी अंगण सारवतात ना? आमच्या गडहिंग्लजकडे आई अजूनही दिवाळीत सारवते. रांगोळी सगळे बघतात, सारवण कुणी बघत नाही. पण ते नीट नसेल तर रेषा फिसकटते. किंवा जुन्या काळी सुती कापड मंजिष्ठाच्या लाल रंगात बुडवण्याआधी हिरडा आणि तुरटीच्या पाण्यातून काढत. तसं केलं नाही तर रंग पहिल्याच धुण्यात उतरायचा. तुरटी कापडाला धरते आणि रंग तुरटीला धरतो. आमचं तंत्र याच घराण्यातलं आहे.

पहिली पायरी धुण्याची. साबण, पाणी, अल्कोहोल, आणि मग तीव्र सल्फ्युरिक आम्ल व हायड्रोजन पेरॉक्साइड यांचं मिश्रण. या मिश्रणाला प्रयोगशाळेत 'पिराना' म्हणतात, त्या मांस फाडणाऱ्या माशाच्या नावावरून. ते आपोआप तापतं, तेलकट काहीही दिसलं की त्यावर तुटून पडतं आणि बंद बाटलीत ठेवलं तर स्फोट होऊ शकतो. घरी याच्या वाटेला कुणीही जाऊ नये. काही ठिकाणी आता त्याऐवजी ऑक्सिजन प्लाझ्मा वापरतात. दोन्हींचा हेतू एकच, काचेवरचा सगळा मळ जाळून टाकायचा आणि तिच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल नावाचे रासायनिक गट उघडे पाडायचे.

काच स्वच्छ झाली हे कसं ओळखायचं? पाण्याचा एक थेंब ठेवायचा. मळकट काचेवर थेंब फुगून मण्यासारखा बसतो. स्वच्छ काचेवर तो आडवा पसरतो, जवळजवळ सपाट होतो. तुमच्या घरी मुलं असतील तर त्यांना हा प्रयोग करून दाखवा. स्टीलचं ताट साबणानं लख्ख घासा, अर्ध्या भागाला तेलाचं बोट लावून पुसून घ्या आणि दोन्हीकडे एकेक थेंब पाणी टाका. डोळ्यांना तेल दिसणार नाही, पण थेंब खरं बोलेल.

दुसरी पायरी सिलेनची. आम्ही वापरतो ते द्रव्य म्हणजे अमिनोप्रोपिल ट्रायइथॉक्सी सिलेन. नाव मोठं असलं तरी गोष्ट छोटी आहे. या रेणूला तीन पाय आणि एक शेपूट. तीन पाय काचेतल्या हायड्रॉक्सिल गटांना धरतात, आणि शेपटीच्या टोकाला असलेला अमाइन गट वर उघडा राहतो. आता काच नुसती काच राहिली नाही, तिच्यावर बारीक हुकांचं रान उगवलं. काच धुऊन सैल राहिलेले रेणू काढायचे आणि ती भट्टीत सुमारे ११० अंशांवर तापवायची, म्हणजे पाय पक्के रोवले जातात. हा थर नीट जमला तर एक नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, यावरून काय ते समजा.

तिसरी पायरी ग्लुटराल्डिहाइड. वास उग्र, म्हणून काम धूर ओढून घेणाऱ्या कपाटातच करायचं. या रेणूला दोन्ही टोकांना हात आहेत. एका हातानं तो काचेवरचा अमाइन धरतो आणि दुसरा हात मोकळा ठेवतो. खेळात आपण हात धरून साखळी करतो, तशी.

चौथी पायरी अँटीबॉडीची. ती थंड, खारट, योग्य पीएचच्या पाण्यात विरघळवून काचेवर सोडायची आणि चार अंश तापमानात रात्रभर ठेवायची. अँटीबॉडीच्या अंगावरही अमाइन गट असतातच. ग्लुटराल्डिहाइडचा मोकळा हात ते धरतो आणि गाठ बसते.

इथे एक गंमत आहे. हे अमाइन गट अँटीबॉडीच्या सगळ्या अंगभर असतात. त्यामुळे काही अँटीबॉडी पायावर उभ्या राहतात, काही आडव्या पडतात आणि काही चक्क डोक्यावर! ज्यांचे हातच काचेत अडकले, त्या काही पकडणार नाहीत. म्हणून बारकाईच्या कामात मध्ये 'प्रोटीन ए' नावाचं प्रथिन बसवतात. ते एका जिवाणूपासून मिळतं आणि त्याची खासियत ही की ते अँटीबॉडीला पायाकडूनच धरतं. मग हात वर राहतात.

शेवटची पायरी मला सगळ्यात आवडते. एवढं करूनही काचेवर काही हुक रिकामे उरतातच. तिथे नमुन्यातलं नको ते प्रथिन येऊन चिकटलं तर यंत्राला वाटेल, सापडलं! म्हणून त्या रिकाम्या जागा आधीच भरून टाकायच्या. तुम्ही एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली असेल ना? अगदी तेच. आमचा रुमाल म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन किंवा दुधातलं केसीन. काही प्रयोगांत तर साध्या दुधाच्या पावडरीचं पाणीही चालतं. नव्यानं आलेल्या मुलींना मी हे सांगते तेव्हा त्या हमखास विचारतात, "मॅडम, एवढ्या महागड्या सेन्सरवर दूध?" हो बाई, दूध. त्यावाचून तो सेन्सर खोटं बोलेल.

पावसाळ्यातला तो आठवडा

बंगळुरूची हवा थंड म्हणून सगळे नावाजतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरचं शहर, पंख्याशिवाय झोप लागते. पण आमच्या कामाला इथला पावसाळा सोसत नाही. सिलेनला पाण्याचा किंचित अंश लागतो, पण हवेत ओल जास्त झाली की ते रेणू काचेला धरायचं सोडून एकमेकांनाच धरत बसतात. पातळ थराऐवजी गुठळ्या होतात. रवा भाजायच्या आधीच त्यात पाणी पडलं तर काय होतं, ते सुगरणींना सांगायला नको.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा एका लहान कंपनीत होते, नाव सांगत नाही. हृदयविकाराच्या झटक्यात रक्तात येणारं ट्रोपोनिन नावाचं प्रथिन मोजायच्या काचा आम्ही बनवत होतो. एका रुग्णालयात त्या तपासणीसाठी जाणार होत्या आणि तारीख ठरली होती. जुलैत सलग तीन दिवस पाऊस लागला आणि खोलीतली हवा कोरडी ठेवणारं यंत्र मध्यरात्री बंद पडलं. सकाळी काचा दिसायला ठीक होत्या. अगदी चकचकीत. पण थेंब ठेवला तर एका काचेवर तो एका आकाराचा, शेजारच्या काचेवर दुसऱ्याच आकाराचा.

मी वर कळवलं. उत्तर आलं, "दिसायला चांगल्या आहेत ना? पाठवा. तारीख चुकली तर काम जाईल."

मी वाद घातला नाही. दहा काचा उचलल्या, त्यांच्यावरच्या खुणा झाकल्या आणि माझ्या सहकाऱ्याला तपासायला दिल्या. पाचांवर ट्रोपोनिन असलेलं पाणी, पाचांवर नुसतं खारं पाणी. कुठल्या कुठल्या ते त्याला ठाऊक नव्हतं. नुसत्या पाण्याच्या पाचांपैकी तीन काचा म्हणाल्या, ट्रोपोनिन आहे. म्हणजे ज्याचं हृदय धडधाकट आहे अशा माणसाला ही काच रुग्णवाहिकेत घालणार. त्याहून वाईट म्हणजे, खऱ्या नमुन्याच्या पाचांपैकी एक काच गप्प राहिली.

तो कागद मी टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "यावर तुम्ही सही करा, मी करणार नाही."

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. सही कुणीच केली नाही. सगळ्या काचा टाकून दिल्या, नव्या करायला १२ दिवस लागले आणि ते काम खरंच दुसऱ्या कुणाला तरी गेलं. त्या वर्षी माझी पगारवाढ झाली नाही. "फार ताठर आहात तुम्ही," असं मला ऐकवलं गेलं. घरी आल्यावर यजमानांना सांगितलं, तर ते म्हणाले, "लेकीच्या फीचं बघू आपण कसंतरी. पण तू सही केली असतीस तर रात्री झोपली नसतीस, आणि मग मलाही झोपू दिलं नसतंस." पुढे काही महिन्यांनी मी ती नोकरी सोडली.

त्या काचा गेल्या असत्या तर कुणाचं काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. तपासणीतच चूक सापडली असती. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही, आणि वाचवलेल्या माणसांची यादीही नाही. या कामात ती कधीच मिळत नाही.

टाटा इन्स्टिट्यूटच्या दारात

बंगळुरूत बसनं मल्लेश्वरमकडून यशवंतपूरकडे जाताना एक मोठी, झाडांत लपलेली संस्था लागते. भारतीय विज्ञान संस्था, स्थापना १९०९. जुनी बंगळुरूकर मंडळी तिला अजून 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतात, कारण ती जमशेटजी टाटांच्या स्वप्नातून उभी राहिली. तिच्या दारावरून जाताना मला एका मराठी मुलीची आठवण येतेच.

१९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमला भागवत या संस्थेत शिकायला आली. आपल्या दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. संस्थेचे संचालक होते खुद्द सर सी. व्ही. रामन. त्यांनी ती मुलगी आहे म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, सांगितलं तर रात्री उशिरापर्यंत काम करावं लागेल, आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये. त्यांनी अटी मान्य केल्या, पण तो अपमान त्या विसरल्या नाहीत. श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली त्यांनी दुधातल्या आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं, १९३६ साली एम.एस्सी. पूर्ण केली. त्यांचं काम पाहून रामन यांनी मुलींसाठी संस्थेचं दार उघडलं. १९३९ साली त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. पुढे कमला सोहोनी म्हणून त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर केलेलं काम महाराष्ट्रात अनेकांना ठाऊक आहे.

दुधातल्या प्रथिनांवर त्यांनी याच शहरात रात्री जागवल्या. मी काचेवर केसीन ओतते तेव्हा मनात येतं, बाई, तुम्ही या दारात उभ्या राहिलात म्हणून आज आमच्या खोलीत निम्म्याहून जास्त मुली आहेत आणि त्यांना कुणी अटी घालत नाही.

आज याच संस्थेत नॅनोविज्ञानाचं मोठं केंद्र आहे. तिथले प्रा. नवकांत भट यांना बायोसेन्सरवरच्या कामासाठी २०१८ सालचा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. त्यांच्या संशोधनातून उभी राहिलेली 'पाथशोध' ही कंपनी हातात मावेल अशा यंत्रावर मधुमेहाशी संबंधित चाचण्या करते. २०२१ मध्ये कोरोनाच्या अँटीबॉडी विजेच्या प्रवाहावरून मोजणारी चाचणीही त्यांनी आणली. आपल्या पुण्यातही हे काम जोरात आहे. घरच्या घरी करायच्या कोरोना चाचणीचं देशातलं पहिलं किट, कोविसेल्फ, पुण्याच्या मायलॅबचं. त्याला मे २०२१ मध्ये मान्यता मिळाली. आणि डेंग्यूच्या निदानासाठी सरकारी प्रयोगशाळांना एलायझा किट पुरवते पुण्याचीच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. म्हणजे तुमच्या गावातल्या सरकारी दवाखान्यातून डेंग्यूसाठी पाठवलेलं रक्त कदाचित पुण्यात कुणीतरी तयार केलेल्या प्लेटवर तपासलं गेलं असेल.

आईची दुसरी रेघ

दोन वर्षांपूर्वी हे सगळं माझ्या घरात आलं. पहाटे साडेपाचला भावाचा फोन. आईच्या छातीत चारपासून जळजळ होत होती, घाम आला होता. आईचं म्हणणं, "पित्त झालंय, रात्री मिरचीचा ठेचा खाल्ला." भावानं ऐकलं नाही, गाडीत घालून तालुक्याच्या लहानशा दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, त्यात स्पष्ट काही दिसेना. मग डॉक्टरांनी बोटाएवढ्या कार्डावर रक्त टाकून ट्रोपोनिन बघितलं. ते कार्ड आमच्याकडचं नव्हतं, कुठल्यातरी दुसऱ्याच कंपनीचं.

"ताई, निगेटिव्ह आलंय बघ. एकच रेघ. आई घरी चल म्हणतेय, म्हशीची धार राहिलीय म्हणे. नेतो मी तिला."

मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"ते म्हणतायत थांबा, परत बघू. पण निगेटिव्ह आलंय तर कशाला थांबायचं?"

वाचकहो, हा प्रश्न अगदी साहजिक आहे. तुम्हीही कदाचित हाच विचारला असता. पण कार्ड खोटं बोलत नव्हतं, त्याला पकडायला अजून काही मिळालंच नव्हतं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन लगेच रक्तात येत नाही. त्याला काही तास लागतात, साधारण तीन ते सहा. आईचं दुखणं सुरू होऊन जेमतेम दीड तास झाला होता. काचेवरच्या अँटीबॉडी हात पसरून उभ्या होत्या, पण पाहुणा अजून दारात पोचला नव्हता.

मी भावाला म्हटलं, "दादा, डॉक्टर सांगतात तसं कर. धार शेजारच्या काकी काढतील. आईला तिथून हलवू नकोस." आईला फोन द्यायला सांगितलं. तिला म्हटलं, "आई, तुझ्या लेकीनं वीस वर्षं काचा धुतल्यात. एवढं माझं ऐक."

डॉक्टरांनी तिला तिथेच झोपवून ठेवलं, औषध दिलं, नजर ठेवली. आठच्या सुमाराला दुसरं कार्ड केलं. दुसरी रेघ आली. फिकट, पण आली. त्यांनी लगेच रुग्णवाहिका बोलावून कोल्हापूरला पाठवलं. तिथे एक रक्तवाहिनी बरीच बंद असल्याचं कळलं आणि दुपारपर्यंत स्टेंट बसला. आई आज ठणठणीत आहे. जेवणात मीठ कमी म्हणून रोज भांडते.

श्रेय त्या डॉक्टरांचं, त्यांच्या "थांबा" या एका शब्दाचं. पण मी रात्री विमानात बसले तेव्हा त्या कार्डाचाच विचार करत होते. कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी खोलीत, कुणीतरी ते नीट बनवलं होतं. तिथली ओल सांभाळली होती, रिकाम्या जागा भरल्या होत्या, वाईट निघालेला माल टाकून दिला होता. त्या अनोळखी माणसालाही कदाचित कुणी "फार ताठर आहात" म्हणून ऐकवलं असेल.

तुमच्यासाठी थोडक्यात

आता जाता जाता कामाच्या चार गोष्टी, त्या घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

किटचं पाकीट वापरायच्या क्षणापर्यंत फोडू नका. आत छोटी पुडी असते ती ओल शोषणारी. फ्रिजमध्ये ठेवा असं लिहिलं असेल तरच फ्रिजमध्ये, नाहीतर लिहिलेल्या तापमानात ठेवा. गाडीच्या डिकीत किंवा गॅसच्या शेजारी नको. अँटीबॉडी हे प्रथिन आहे, अंड्यासारखंच उष्णतेनं बिघडतं.

पट्टीच्या मधल्या पांढऱ्या भागाला बोट लावू नका. सांगितलेल्या वेळेतच निकाल वाचा. तासाभरानं दिसलेल्या रेघेला काही अर्थ नसतो.

'सी' अक्षराजवळची रेघ आलीच नाही, तर ती चाचणी निगेटिव्ह नाही आणि पॉझिटिव्हही नाही. ती फुकट गेली. नवीन किट घ्या.

निगेटिव्ह म्हणजे 'आजार नाही' असं नेहमीच नसतं. 'आत्ता, या नमुन्यात, सापडलं नाही', एवढाच त्याचा अर्थ. डॉक्टर पुन्हा तपासू म्हणाले तर कंटाळू नका. आणि छातीत दुखत असेल तर घरी कसल्याही चाचणीची वाट बघत बसू नका, सरळ रुग्णालय गाठा.

घरात विज्ञान शिकणारी मुलगी किंवा मुलगा असेल तर त्यांना सांगा, या क्षेत्रात हातांना खूप काम आहे. रसायन, जीवशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, तिन्हींची माणसं इथे एका टेबलाशी बसतात. पण काम चिकाटीचं आहे. शंभर काचा धुवायच्या आणि शंभरावी पहिलीइतकीच मनापासून धुवायची.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे चिकोडीची एक नवी मुलगी आलीय. पहिल्या दिवशी तिनं काच धुतली, थेंब ठेवला. तो थोडासा फुगला. तिनं माझ्याकडे बघितलं, मी काहीच बोलले नाही. तिनं ती काच उचलली आणि न सांगता पुन्हा धुवायला नेली.